अमेरिकेतल्या आजी-आजोबांच्या औषधांचं बिल नक्की कोण भरतं?

अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या आणि सरकारी विमा असलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायची तीच गोळी, त्याच फार्मसीत, २०२५ मधे जानेवारीत ५२१ डॉलरला, फेब्रुवारीत १८२ ला आणि मार्चपासून १३० ला पडू शकत होती, आणि या तीन महिन्यांत गोळीची मूळ किंमत एका सेंटनेही बदललेली नसायची. पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही वाटतं कंप्युटरमधे काहीतरी घोळ झालाय. पण घोळ वगैरे काही नाही, नियमच तसा आहे, आणि तो तसा का आहे हे कळलं की तिथल्या औषधांच्या खर्चाचं अर्धं कोडं सुटतं. आता मराठी घरांमधेही तिकडे राहून साठी-सत्तरीला पोचलेली माणसं बरीच आहेत, शिवाय मुलांकडे कायमचे गेलेले आई-वडीलही आहेत, म्हणून जरा नीट बैजवार सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात वेगळी ठेवायची. औषधाचा भाव किती हा एक प्रश्न आणि त्यातले पैसे कुणाच्या खिशातून जातात हा दुसरा प्रश्न. या दोन्हीची सतत सरमिसळ होते, पेपरात होते, पुढाऱ्यांच्या भाषणात तर हमखास होते, आणि मग "औषधं स्वस्त झाली" म्हणून बातमी येते तेव्हा कुणाला स्वस्त झाली हेच कळत नाही.

तर सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. १९६५ साली प्रेसिडेंट लिंडन जॉन्सननी सही करून चालू केला, ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांसाठी, नंतर अपंग आणि किडनी निकामी झालेल्या तरुण लोकांनाही त्यात घेतलं. याचे भाग आहेत. ए म्हणजे हॉस्पिटल, बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या आणि क्लिनिकमधे दिली जाणारी इंजेक्शनं, सी म्हणजे हे सगळं प्रायव्हेट कंपनीच्या प्लॅनमधून घ्यायची सोय ज्याला मेडिकेअर ॲडव्हान्टेज म्हणतात, आणि डी म्हणजे घरी घ्यायची औषधं. गंमत अशी की डी हा भाग सुरुवातीला नव्हताच. बायपास झाली तर सरकार पैसे देणार, पण बायपासची वेळ येऊ नये म्हणून रोज घ्यायची बीपीची गोळी मात्र स्वतःच्या पैशाने आणायची, असं जवळपास चाळीस वर्षं चाललं.

मधे एकदा प्रयत्न झाला होता. १९८८ मधे कायदा झाला, त्यात औषधांची सोय होती, पण पैसे म्हाताऱ्या लोकांकडूनच वसूल करायचे असं ठरलं, जास्त उत्पन्नवाल्यांना वर्षाला ८०० डॉलरपर्यंत जादा कर. लोक इतके भडकले की ऑगस्ट १९८९ मधे शिकागोत डॅन रोस्टेनकाउस्की नावाच्या वजनदार खासदाराच्या गाडीला ज्येष्ठ नागरिकांनी घेराव घातला, शेवटी त्यांना गाडीतून उतरून निघून जावं लागलं, टीव्हीवर सगळ्या देशाने ते पाहिलं. त्याच वर्षी कायदा रद्द. त्यानंतर चौदा वर्षं या विषयात कायदा काही झाला नाही.

मग २००३ च्या डिसेंबरमधे जॉर्ज बुश यांनी सही केली आणि १ जानेवारी २००६ पासून पार्ट डी चालू झाला. सरकार पैसे देणार पण प्लॅन चालवणार प्रायव्हेट विमा कंपन्या, आणि कायद्यात एक कलम घातलं की सरकारने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची नाही. हे कलम लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता तो कुप्रसिद्ध खड्डा. त्याला तिकडे डोनट होल म्हणतात. २००६ चा हिशोब असा होता: पहिले २५० डॉलर तुमचे. मग औषधांचा एकूण खर्च २,२५० होईपर्यंत तुम्ही २५ टक्के भरायचे, म्हणजे ५०० डॉलर. तिथून पुढे एकूण खर्च ५,१०० होईपर्यंत विमा गप्प बसणार, सगळेच्या सगळे २,८५० डॉलर तुमचे. तिथवर तुमच्या खिशातून ३,६०० गेलेले असतात, मग त्यापुढे फक्त ५ टक्के. म्हणजे कमी आजारी माणसाला मदत, फार आजारी माणसाला मदत, आणि मधल्या, म्हणजे डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल, सांधे असं चार-पाच गोष्टींचं ओझं असलेल्या, अगदी नेहमीच्या सत्तरीतल्या माणसाला सप्टेंबर-ऑक्टोबरमधे एकदम पूर्ण भाव. असं कुणी का करेल असं वाटतं ना, त्याचं उत्तर साधं आहे, बजेटमधे बसवायचं होतं आणि त्यासाठी कुठेतरी भोक पाडावं लागलं.

या भोकामुळे काय झालं यावर जे संशोधन झालंय त्यातलं एक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथे जरा थांबते. हार्वर्डचे अमिताभ चंद्रा आणि त्यांचे सहकारी इव्हान फ्लॅक आणि झियाद ओबरमेयर यांनी एक गोष्ट हेरली. माणूस ६५ वर्षांचा होतो त्या महिन्यात मेडिकेअरमधे येतो. फेब्रुवारीत जन्मलेला माणूस पहिल्या वर्षी जवळपास अकरा महिने औषधं घेणार, सप्टेंबरात जन्मलेला फक्त तीन-चार महिने, पण खड्ड्याची सीमा दोघांना तीच. म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत फेब्रुवारीवाला खड्ड्याजवळ किंवा खड्ड्यात असण्याची शक्यता जास्त, सप्टेंबरवाला आरामात बाहेर. आता जन्ममहिना काही कुणी निवडत नाही, त्यामुळे दोघांमधे जो फरक दिसेल तो खिशातून जाणाऱ्या पैशांमुळेच. आणि दिसलं असं की दर औषधामागे साधारण १० डॉलर जास्त पडले तर औषधांचा वापर साधारण २३ टक्क्यांनी घसरतो, आणि मृत्यूही वाढतात. फक्त दहा डॉलर हो!

आणि लोक काय सोडतात? आपल्याला वाटेल की फालतू, नसली तरी चालतील अशी औषधं सोडत असतील, माणसं शहाणी असतात. तसं झालं नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे स्टॅटिन सोडल्या, बीपीच्या गोळ्या सोडल्या, आणि ज्यांना हार्ट ॲटॅकचा, स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त होता त्यांनी जास्त सोडल्या. हे समजायला अवघड नाही खरं तर, बीपीची गोळी बंद केली तर त्या दिवशी काहीच होत नाही, दुखत नाही, खुपत नाही, गुडघ्याची गोळी बंद केली तर रात्रीच कळतं. त्यामुळे पैसे कमी पडले की माणूस जी गोळी "जाणवत नाही" ती बंद करतो.

आता यात आणखी एक मेख आहे. ज्या लोकांनी फक्त पार्ट डीचा सुटा प्लॅन घेतलाय, त्यांची ती विमा कंपनी फक्त औषधांचे पैसे देते. त्या माणसाने गोळ्या सोडल्या तर कंपनीचा खर्च वाचला. तो स्ट्रोक होऊन हॉस्पिटलमधे गेला तर ते बिल पार्ट ए मधून सरकार भरणार. म्हणजे गोळ्यांवर वाचलेला पैसा एकाचा आणि हॉस्पिटलचं बिल दुसऱ्याचं. औषध हा "खर्च" म्हणून वेगळ्या डब्यात ठेवला की असं होतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की मूळ चूक ही २००३ मधली नाही, १९६५ मधलीच आहे, औषध हा उपचाराचा भाग आहे हे तेव्हाच धरायला हवं होतं.

२०१० च्या ओबामांच्या कायद्याने खड्डा हळूहळू बुजवायला घेतला, ब्रँडेड औषधांसाठी २०१९ ला आणि जेनेरिकसाठी २०२० ला तो एकदाचा बुजला, म्हणजे तिथेही २५ टक्केच भरायचे. पण वरचे जे ५ टक्के होते ना, ते तसेच राहिले, आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. ऐकायला ५ टक्के म्हणजे किरकोळ. पण रक्ताच्या कॅन्सरसाठी इम्ब्रुव्हिका नावाची गोळी आहे, तिची २०२३ ची लिस्ट प्राइस, म्हणजे कंपनीचा छापील भाव, एका महिन्याला १४,९३४ डॉलर होती, त्याचे ५ टक्के म्हणजे जवळपास ७५० डॉलर, दर महिन्याला, जिवंत असेपर्यंत. आणि हे सुरुवातीचे हजारो डॉलर भरून झाल्यावर.

खरा बदल झाला तो १६ ऑगस्ट २०२२ ला सही झालेल्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने. नाव महागाईचं, पण आतमधे पार्ट डीची जवळजवळ नवीन बांधणी. सिनेटमधे ५०-५० मतं पडली होती, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने पास झाला, इतकं काठावरचं काम. त्यातले बदल एकदम नाही आले, वर्षावर्षाने आले. २०२३ पासून इन्सुलिनला महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर, आणि शिंगल्स म्हणजे नागिणीसारख्या मोठ्यांच्या लसी फुकट. २०२४ पासून वरचे ५ टक्के बंद. आणि २०२५ पासून वर्षाला २,००० डॉलरची कॅप, म्हणजे पार्ट डीमधल्या औषधांसाठी तुमच्या खिशातून वर्षभरात त्याहून जास्त जाऊच शकत नाही, मग औषध कितीही महाग असो. ही कॅप दरवर्षी थोडी वाढते, २०२६ ला २,१०० आहे.

आता सुरुवातीचं गणित सोडवू. गोळी एलिक्विस, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना गुठळी होऊ नये म्हणून देतात, मेडिकेअरमधे प्रचंड खपणारं औषध. २०२३ ची लिस्ट प्राइस महिन्याला ५२१ डॉलर, सोपं जावं म्हणून तीच धरू. २०२५ च्या सरकारी नमुना प्लॅनमधे डिडक्टिबल, म्हणजे विमा चालू होण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम, ५९०. जानेवारीत सगळे ५२१ तुमचे, कारण डिडक्टिबल संपलेलं नाही. फेब्रुवारीत डिडक्टिबलचे उरलेले ६९, आणि बाकीच्या ४५२ चे २५ टक्के म्हणजे ११३, झाले १८२. मार्चपासून सरळ २५ टक्के, १३० आणि वर काही सेंट. असं करत डिसेंबरमधे बरोबर २,००० ची कॅप गाठली जाते. प्रत्यक्षात प्रत्येक प्लॅनचे आकडे वेगळे असतात, कुणाकडे डिडक्टिबल नसतं, कुणाकडे २५ टक्क्यांऐवजी को-पे म्हणजे दर वेळी भरायची ठरलेली रक्कम असते, पण साचा हाच.

जानेवारीचा हा दणका ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी २०२५ पासून एक सोय आहे, मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन. फार्मसीत त्या दिवशी शून्य भरायचं आणि बिल महिन्या-महिन्याने वर्षभर पसरवून घरी येतं, व्याज नाही. पण हे आपोआप मिळत नाही, आपल्या विमा कंपनीला सांगून नाव घालावं लागतं, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच घातलं तर उपयोग, ऑक्टोबरमधे घालून पसरवायला महिनेच उरत नाहीत. बऱ्याच घरांत ही सोय कुणाला माहीतच नसते आणि आजोबा काउंटरवरून औषध न घेता परत येतात, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

कॅप आली म्हणजे औषध स्वस्त झालं का? नाही. पैसे भरणारा बदलला. पूर्वी ठराविक मर्यादेनंतर ८० टक्के सरकार, १५ टक्के विमा कंपनी आणि ५ टक्के पेशंट असं होतं. २०२५ पासून ब्रँडेड औषधाला कॅपनंतर ६० टक्के विमा कंपनी, २० टक्के औषध बनवणारी कंपनी, २० टक्के सरकार. विमा कंपन्यांच्या गळ्यात आता मोठा वाटा पडलाय, त्यामुळे महागड्या औषधावर लगाम घालायचा त्यांचा रसही वाढलाय. लगाम म्हणजे काय तर प्रायर ऑथोरायझेशन, डॉक्टरांनी आधी परवानगी मागायची, किंवा स्टेप थेरपी, आधी स्वस्त औषध वापरून बघा ते चाललं नाही तर हे, किंवा औषध सरळ यादीतूनच काढणं. ही यादी म्हणजे फॉर्म्युलरी. यादीबाहेरच्या औषधावर खर्च केलेले पैसे कॅपमधे मोजत नाहीत, हे फार लोकांना उशिरा कळतं. दरमहाचा प्रीमियमही मोजत नाहीत.

आता लिस्ट प्राइस हा शब्द दोनदा आला, त्यामागे काय आहे ते बघू, कारण सगळ्यात जास्त अन्याय मला इथे वाटतो. औषध कंपनी एक छापील भाव ठरवते. विमा कंपनीच्या वतीने पीबीएम नावाचा मधला माणूस, सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स हे तीन मोठे, अमेरिकेतली साधारण ८० टक्के प्रिस्क्रिप्शन यांच्या हातून जातात, तो औषध कंपनीला म्हणतो की तुझं औषध यादीत चांगल्या जागी ठेवतो, मला मागाहून सूट दे. हीच रिबेट. समजा छापील भाव ५०० आणि रिबेट २००, तर विमा कंपनीला औषध खरं पडलं ३०० ला. पण पेशंटचे २५ टक्के कशावर? ५०० वर. ३०० वर नाही. मग ती २०० ची सूट जाते कुठे? पार्ट डीमधे ती बहुतांशी विमा कंपनीकडे पोचते आणि तिचा वापर होतो सगळ्यांचा प्रीमियम कमी ठेवायला. म्हणजे जो आजारी आहे, महाग औषध घेतोय, तो काउंटरवर जास्त भरतो आणि त्यातून ज्याला काहीच लागत नाही त्याचा प्रीमियम खाली राहतो. विमा म्हणजे निरोगी माणसांनी थोडं थोडं घालून आजारी माणसाला सांभाळायचं, इथे ते अगदी उलटं होतं.

आणि छापील भाव इतका का? तर इतर देशांत सरकार किंवा सरकारी संस्था घासाघीस करते, अमेरिकेत २००३ च्या त्या कलमाने हातच बांधले होते. रँड या संस्थेने २०२२ चे भाव तपासले, अमेरिकेत औषधांचे भाव इतर ३३ श्रीमंत देशांच्या सरासरी २.७८ पट निघाले. पण त्यातही जेनेरिक औषधं अमेरिकेत उलट स्वस्त आहेत, बाकीच्यांच्या साधारण दोन तृतीयांश भावाला, आणि दहातली नऊ प्रिस्क्रिप्शन जेनेरिकचीच असतात. म्हणजे सगळं दुखणं उरलेल्या एकाचं आहे, पेटंटवाल्या ब्रँडेड औषधाचं. घरातल्या घरातलं उदाहरण म्हणजे माजी सैनिकांचं खातं, व्हीए. त्यांना घासाघीस करायची मुभा आहे आणि कायद्याने भावावर कमाल मर्यादाही आहे. सरकारच्याच हिशोब तपासणाऱ्या जीएओने २०२१ मधे सांगितलं की २०१७ मधे व्हीएला औषधं मेडिकेअर पार्ट डीपेक्षा सरासरी ५४ टक्के कमी भावाने पडली. सरकार तेच, औषधं तीच, एका खात्याचे हात मोकळे आणि एकाचे बांधलेले.

२०२२ च्या कायद्याने ते हात थोडे सोडले. थोडेच. दरवर्षी ठराविक औषधं निवडायची, तीही बाजारात बरीच वर्षं असलेली आणि ज्यांना जेनेरिक स्पर्धा नाही अशी. साध्या गोळ्यांची मंजुरी मिळून सात वर्षं व्हायला हवीत, बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या इंजेक्शनांची अकरा, आणि नवा भाव लागू व्हायला आणखी दोन वर्षं. पहिल्या यादीत दहा होती: एलिक्विस, झरेल्टो, जानुव्हिया, जार्डियन्स, फारक्सिगा, एन्ट्रेस्टो, एन्ब्रेल, स्टेलारा, इम्ब्रुव्हिका आणि नोव्होलॉग इन्सुलिन. भाव ऑगस्ट २०२४ मधे जाहीर झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. डायबेटिसची जानुव्हिया ५२७ वरून ११३ डॉलर. एलिक्विस ५२१ वरून २३१. सोरायसिस आणि आतड्याच्या आजाराचं स्टेलारा १३,८३६ वरून ४,६९५.

हे आकडे बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, वाजवाव्यातच, पण एक समजून घ्या. हे दर छापील भावाशी ताडलेत, आणि छापील भाव विमा कंपनी मुळात देतच नव्हती, रिबेट होतीच. म्हणून सरकारचाच अंदाज असा की हे भाव २०२३ मधे असते तर खरी बचत साधारण ६ अब्ज डॉलर, म्हणजे २२ टक्के झाली असती. जानुव्हियाच्या भावातली घट ७९ टक्के दिसते, पण खरी बचत त्याहून बरीच कमी. तरीही २२ टक्के ही लहान गोष्ट नाही, या दहाच औषधांवर २०२३ मधे पार्ट डीचा ५६ अब्ज डॉलरच्या वर खर्च होता.

पण पेशंटच्या बाजूने बघितलं तर मला यात दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. परत एलिक्विसचं गणित, आता २०२६ चं, डिडक्टिबल ६१५ आणि भाव २३१. जानेवारी २३१, फेब्रुवारी २३१, मार्च साधारण १७२, आणि पुढे डिसेंबरपर्यंत महिन्याला ५८ च्या आसपास. वर्षाचे झाले साधारण १,१५४, आधी जे २,००० होते. आता इम्ब्रुव्हिकाचं बघा, भाव १४,९३४ वरून ९,३१९ वर आला, पण त्या पेशंटची कॅप २०२५ लाही जानेवारीतच गाठली जायची आणि २०२६ लाही जानेवारीतच गाठली जाते, त्याच्या खिशाला भावाच्या घटीने काहीच फरक नाही, तो पैसा वाचला सरकारचा, विमा कंपनीचा. म्हणजे कॅपने वाचवलं ते कॅन्सरच्या आणि इतर अतिमहाग औषधांच्या पेशंटला, आणि भाव पाडल्याने वाचलं ते रोजच्या हृदयाच्या, डायबेटिसच्या गोळीवाल्याला. दोन्ही पाहिजेत. एकाशिवाय दुसरं अर्धवट आहे, नुसती कॅप लावली आणि भाव मोकाट सोडले तर तोच पैसा सगळ्यांच्या प्रीमियममधून आणि करातून येणार.

औषध कंपन्यांचं म्हणणं असं की भाव पाडले तर नवीन संशोधन थांबेल. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, नवीन औषधाला खरंच प्रचंड पैसा आणि वर्षं लागतात. पण काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, बजेट ऑफिसने अंदाज केला तेव्हा ३० वर्षांत येणाऱ्या सुमारे १,३०० नव्या औषधांत १३ कमी येतील असा निघाला. जास्त पटणारी तक्रार आहे ती गोळ्यांना सात आणि बायोलॉजिकला अकरा वर्षं या फरकाची, त्यामुळे कंपन्या गोळ्या सोडून इंजेक्शनांकडे वळतील, आणि म्हाताऱ्या माणसाला गोळी घेणं केव्हाही सोपं. दुसरीकडे जुलै २०२५ च्या कायद्याने दुर्मीळ आजारांच्या औषधांना घासाघीशीतून आणखी सवलत दिली. ओढाताण चालूच राहणार. पुढच्या पंधरा औषधांत, ज्यांचे भाव २०२७ ला लागू होतात, डायबेटिसचं ओझेम्पिक आहे, ते तर आता घराघरात माहीत झालंय.

एक बाजू भावाची आणि दुसरी गोळ्यांच्या संख्येची, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. बीपीसाठी ॲम्लोडिपिन दिली, तिने काहींच्या पायाला सूज येते, ती सूज नवीन आजार समजून लघवी जास्त होण्याची गोळी दिली, तिने पोटॅशियम कमी झालं म्हणून पोटॅशियमची गोळी. एकाची तीन झाली, तिन्हींचा खर्च, आणि रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती वेगळी. पार्ट डीमधे जास्त औषधं घेणाऱ्या, नियमात बसणाऱ्या लोकांना वर्षातून एकदा फार्मासिस्टकडून सगळ्या औषधांची फुकट तपासणी करून मिळते, ती जरूर मागून घ्या. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

तिकडे कुणी आपलं असेल तर आणखी काही गोष्टी. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर प्लॅन बदलता येतो, आणि याद्या दरवर्षी बदलतात, म्हणून मागच्या वर्षी चांगला होता म्हणून तोच ठेवू असं करू नका, औषधांची नावं आणि डोस मेडिकेअरच्या वेबसाइटवर घालून वर्षाचा एकूण खर्च बघा, नुसता प्रीमियम नाही. औषधं लागत नाहीत म्हणून पार्ट डी घेतलाच नाही आणि दुसरा चांगला औषध-विमाही नसेल तर नंतर घेताना उशिराच्या प्रत्येक महिन्याला १ टक्का दंड, आणि तो कायमचा प्रीमियमला चिकटतो. उत्पन्न गरिबी रेषेच्या दीडपटीच्या आत असेल आणि जमापुंजीही मर्यादेत असेल तर एक्स्ट्रा हेल्प नावाची मदत मिळते, २०२५ मधे त्यात जेनेरिकला जास्तीत जास्त ४.९० आणि ब्रँडेडला १२.१५ डॉलर होते, अर्ज करायला लाजू नका. ग्रीन कार्डवर गेलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतो, त्याआधी नाही. आणि काउंटरवर एक प्रश्न नेहमी विचारा, विम्याशिवाय रोख घेतलं तर किती? जेनेरिकला कधीकधी तो भाव को-पेपेक्षा कमी निघतो. पूर्वी काही करारांत फार्मासिस्टला हे सांगायलाच बंदी असायची, २०१८ च्या कायद्याने ती उठली. फक्त असे रोख भरलेले पैसे सहसा कॅपमधे धरत नाहीत, तेवढा हिशोब करा. औषध कंपन्यांची टीव्हीवर दिसणारी सवलतीची कुपनं मात्र मेडिकेअरवाल्यांना चालत नाहीत, कायदाच आड येतो.

शेवटचं, आणि हे बऱ्याच जणांना ऐन वेळी कळतं. ही सगळी कॅप फक्त पार्ट डीची. संधिवातासाठी एन्ब्रेल घरी स्वतः टोचून घेतलं तर ते डीमधे, वर्षाची मर्यादा आहे. त्याच आजारासाठी क्लिनिकमधे सलाईनमधून इन्फ्लिक्सिमॅब घेतलं तर ते बीमधे, तिथे २० टक्के तुमचे आणि मूळ मेडिकेअरमधे त्याला वर मर्यादाच नाही, जोडीला मेडिगॅपसारखा पूरक विमा नसेल तर. मेडिकेअर ॲडव्हान्टेज असेल तर मर्यादा आहे पण मोठी, २०२५ मधे नेटवर्कमधल्या उपचारांसाठी ती ९,३५० डॉलरपर्यंत असू शकत होती. तेव्हा डॉक्टर नवीन औषध लिहून देत असतील तर त्याच वेळी त्यांच्या ऑफिसात विचारून घ्या की हे बीमधे जाणार की डीमधे, आणि दुसऱ्या भागात बसणारा तसाच पर्याय आहे का.